कमानींकडून पाटाकडे : रोमन जलवाहिन्यांच्या उत्खननाचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

रोम शहराला बाहेरून पाणी आणणारी पहिली जलवाहिनी आप्पियस क्लॉडियसने इ.स.पू. ३१२ मध्ये बांधवली आणि अकरावी सम्राट अलेक्झांडर सेव्हेरसच्या कारकिर्दीत, इ.स. २२६ मध्ये उभी राहिली. या पाच शतकांत स्पेनपासून सीरियापर्यंतच्या रोमन प्रांतांतील अनेक लहानमोठ्या शहरांनी आपापल्या जलवाहिन्या बांधल्या. चित्रांमुळे परिचित झालेल्या उंच कमानी हा या बांधकामाचा फार थोडा भाग होता. रोमच्या ‘आक्वा मार्किया’ या सुमारे ९१ किलोमीटर लांबीच्या वाहिनीपैकी जवळपास ८० किलोमीटर जमिनीखालून जात होते आणि कमानींवरून जाणारा भाग दहा किलोमीटरच्या आसपास होता. म्हणजे खरी जलवाहिनी ही चर खणून त्यात बांधलेला, आतून गिलावा केलेला आणि वरून कमानीचे छत घातलेला दगडी पाट होती; लॅटिनमध्ये तिला ‘स्पेकस’ म्हणत. कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणणारा पेशवेकालीन नळ किंवा मलिक अंबरने औरंगाबादेत खेळवलेली नहर ज्यांना ठाऊक आहे, अशा वाचकांना उतारावर आपोआप वाहणाऱ्या झाकल्या पाण्याची ही कल्पना अपरिचित वाटणार नाही.

या पाटांविषयीचे संशोधन आज चार प्रश्नांभोवती फिरते : एखादी वाहिनी नेमकी केव्हा बांधली गेली, तिच्यातून पाणी किती वाहत होते, ते मुख्यतः कोणत्या कामासाठी आणले होते आणि ते किती काळ वाहत राहिले. चारही प्रश्न जुने आहेत. मात्र त्यांची उत्तरे शोधण्याची जागा गेल्या चाळीसेक वर्षांत बदलली असून लक्ष कमानींकडून पाटाकडे आणि पाटाच्या भिंतींकडून त्या भिंतींवर साचलेल्या चुन्याकडे सरकले आहे.

ग्रंथ आणि अवशेष

या विषयाचा पाया एका ग्रंथाने घातला. सम्राट नर्व्हाने इ.स. ९७ मध्ये सेक्स्टस युलियस फ्राँटिनस याला रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमले आणि त्याने त्या वेळच्या नऊ जलवाहिन्यांची लांबी, उगम, पाणीवाटप, कायदे व चोऱ्या यांची तपशीलवार नोंद करून ठेवली. या ग्रंथाची हस्तलिखित प्रत १४२९ मध्ये मोंते कासिनो येथील मठात पोज्जो ब्राच्चोलिनीला मिळाली. पुढे राफाएल्लो फाब्रेत्तीने १६८० मध्ये, रोदोल्फो लांचानीने १८८० च्या सुमारास आणि विसाव्या शतकात एस्थर व्हॅन डीमन व थॉमस ॲशबी यांनी फ्राँटिनसचा ग्रंथ हाती घेऊन रोमभोवतीचा प्रदेश अक्षरशः पायी तुडवला. व्हॅन डीमन यांचा ग्रंथ १९३४ मध्ये आणि ॲशबी यांचा त्यांच्या मृत्यूनंतर १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. आज त्यांच्या नोंदींचे मोल वेगळ्याच कारणाने वाढले आहे, कारण त्यांनी पाहिलेले अनेक अवशेष पुढे शहराच्या वाढीत नाहीसे झाले.

या पिढीची पद्धत ग्रंथातील वर्णन आणि दिसणारे बांधकाम यांची सांगड घालण्याची होती. दगडाचा प्रकार, विटांची जाडी, चुन्याच्या मिश्रणाचा रंग यांवरून काळ ठरवला जाई, आणि त्यात चूक होण्याचा धोका होता. कारण दुरुस्तीचे बांधकाम मूळ बांधकामापेक्षा अधिक टिकून राहिले असेल, तर वाहिनीचा काळ दोनदोन शतकांनी पुढे सरकू शकतो. प्रांतांमध्ये तर फ्राँटिनससारखा मार्गदर्शकही नव्हता, त्यामुळे तेथे उत्खननाला पर्याय उरला नाही.

पाटाचे उत्खनन कसे होते

जलवाहिनीचे उत्खनन नगराच्या किंवा थडग्याच्या उत्खननाहून वेगळे असते. पन्नास वा शंभर किलोमीटरची वास्तू सलग उघडी करणे शक्य नसल्यामुळे पाटाला काटकोनात आडवे चर घेतले जातात आणि त्या छेदातून बांधणीचा क्रम वाचला जातो. प्रथम कामगारांनी खणलेला मूळ खंदक, त्याच्या तळाशी दगडांची सोलिंग, त्यावर चुनेगच्चीचा तळ, दोन बाजूंच्या भिंती, त्यांना आतून दिलेला जलरोधक गिलावा, वर कमानीचे छत आणि शेवटी पुन्हा लोटलेली माती असे थर त्यात साधारणपणे दिसतात. हा गिलावा चुना आणि विटांचा चुरा यांचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला सुरखी म्हणतात त्याचा असे. तळ आणि भिंत जिथे मिळतात, तिथे याच मिश्रणाची गोलसर गोलची देऊन फटीतून होणारी गळती रोखलेली असे.

काळ ठरवताना या थरांपैकी कोणता थर काय सांगू शकतो, हा कळीचा मुद्दा ठरतो. पाटाच्या आत सापडणारी खापरे आणि नाणी बांधकामाचा काळ सांगत नाहीत, कारण वाहिनी वापरात असेतो तिची साफसफाई होत असे आणि आत उरलेला गाळ हा शेवटच्या दिवसांचा असतो. बांधकामाचा पुरावा बाहेर, खंदकाच्या भरावात असतो. पण तेथे सापडलेले नाणे केवळ इतकेच सांगते की भराव त्या नाण्यानंतर केव्हातरी झाला. उत्खननाची जागाही बहुधा संशोधक निवडत नाही, तर महामार्ग, गॅसवाहिनी किंवा भुयारी रेल्वे निवडते. त्यामुळे एका वाहिनीविषयीचे ज्ञान पाच-दहा मीटरच्या तुकड्यांतून, दशकांच्या अंतराने गोळा होते.

नीमची वाहिनी : काळाचा वाद

या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही दक्षिण फ्रान्समधील नीमच्या वाहिनीत दिसतात. युझेसजवळच्या झऱ्यापासून नीमपर्यंतचे सरळ अंतर वीस किलोमीटरच्या आसपास असले, तरी डोंगरांना वळसे घालत जाणारा पाट सुमारे पन्नास किलोमीटरचा आहे आणि एवढ्या अंतरात पाणी केवळ साडेबारा मीटरच्या आसपास खाली उतरते. किलोमीटरला सरासरी पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे चार हजारांत एक, असा हा उतार आहे. गार्दों नदीवरचा ‘पाँ दु गार’ हा तीन मजली, सुमारे ४९ मीटर उंचीचा जलसेतू याच पाटाचा एक भाग होय. पुलाच्या अलीकडे उतार अधिक ठेवून पुलाची उंची आटोक्यात आणली गेली, आणि त्याची भरपाई पुढच्या टप्प्यात अत्यंत मंद उतार ठेवून करावी लागली.

दीर्घकाळ ही वाहिनी ऑगस्टसचा सहकारी आग्रिप्पा याच्या नावे मांडली जात होती. तो इ.स.पू. १९ च्या सुमारास गॉल प्रांतात होता आणि रोमच्या पाणीपुरवठ्याची फेररचनाही त्यानेच केली होती, एवढाच या मताचा आधार होता. थेट शिलालेख नव्हता. गिलेम फाब्र, झाँ-ल्युक फिश आणि झाँ-लुई पाये यांच्या चमूने केलेल्या उत्खननांचे निष्कर्ष १९९१ मध्ये ग्रंथरूपाने आले आणि त्यांनी बांधकाम इ.स.च्या पहिल्या शतकाच्या मध्यावर, साधारण ४० ते ६० या वर्षांत ठेवले. आज बहुतेक अभ्यासक ही तारीख स्वीकारतात. जुन्या मताचा मोह समजण्यासारखा आहे. मोठ्या वास्तूला मोठे नाव जोडले की इतिहास सुटसुटीत होतो, आणि निनावी नगरसभेने काढलेल्या खर्चाची गोष्ट तितकी आकर्षक वाटत नाही.

उतार कसा साधला

एवढा मंद उतार हाताशी असलेल्या साधनांनी कसा साधला, याविषयी दोन बाजू आहेत. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने ‘कोरोबातेस’ या वीस फूट लांबीच्या लाकडी बाकाचे वर्णन केले आहे. त्याला ओळंबे असत आणि वरच्या खाचेत पाणी भरून पाणसळ साधता येई. काही अभ्यासक हेच मुख्य साधन मानतात. २००१ मध्ये प्राचीन मोजणीसाधनांवर ग्रंथ लिहिणाऱ्या एम. जे. टी. लुईस यांच्या मते हे अवजड बाक लांब पल्ल्याच्या मोजणीला गैरसोयीचे होते आणि खरे काम दृष्टिरेषेवर चालणाऱ्या हलक्या साधनांनी झाले असावे. ग्रंथकारांचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. व्हिट्रुव्हियसच्या हस्तलिखितांतील किमान उतार दोनशेत एक इतका भरतो, तर प्लिनीचा अठ्ठेचाळीसशेत एक. प्रत्यक्ष पाट बहुधा या दोहोंच्या मधे कुठेतरी पडतात.

चुका मात्र निःसंशय होत. जर्मनीत आयफेल डोंगरातून कोलोनला जाणाऱ्या सुमारे ९५ किलोमीटरच्या वाहिनीचा अभ्यास करताना क्लाउस ग्रेवे यांनी दाखवले, की काम तुकड्यांत वाटून दिले जाई आणि दोन तुकडे जिथे भेटत, तिथे तळाची पातळी जुळवून घ्यावी लागे. उत्तर आफ्रिकेतील साल्डे येथे बोगद्याच्या दोन टोकांकडून आलेल्या तुकड्या एकमेकींना चुकवून भलतीकडेच गेल्या होत्या. तेव्हा बोलावलेल्या नोनियस डातुस या लष्करी मोजणीदाराने ही हकीकत शिलालेखात कोरून ठेवली आहे. रोमन अभियांत्रिकीच्या अचूकतेचे गोडवे गाताना हा लेख सोयीस्करपणे विसरला जातो.

पाणी किती होते

सर्वाधिक आकडेमोड आणि सर्वांत कमी खात्री या प्रश्नात आहे. फ्राँटिनसने पाणी ‘क्विनारिया’ या एककात मोजले आहे, परंतु क्विनारिया हे ठरावीक व्यासाच्या नळाच्या तोंडाचे माप आहे. त्या तोंडातून किती वेळात किती पाणी जाते, हे पाण्याच्या वेगावर आणि वरच्या दाबावर अवलंबून असते आणि फ्राँटिनसला वेग मोजता येत नव्हता. त्याच्याच ग्रंथात सरकारी दप्तरानुसार वाहिन्यांत शिरणारे पाणी १२,७५५ क्विनारिया आणि वाटले जाणारे १४,०१८, म्हणजे जमेपेक्षा खर्च जास्त, असा विचित्र हिशेब आढळतो. उगमाशी मोजणी केल्यावर त्याला दप्तरापेक्षा बरेच अधिक पाणी मिळाले आणि मधला फरक त्याने चोरी व गळतीच्या माथी मारला.

इटालियन अभियंता क्लाउदिओ दि फेनित्सिओ याने १९१६ मध्ये एक क्विनारिया म्हणजे दिवसाला सुमारे ४१ घनमीटर असे समीकरण सुचवले आणि त्यावरून रोमच्या एकूण पाण्याचे अंदाज निघू लागले. काहींनी ते दिवसाला दहा लाख घनमीटरच्या घरात नेले, तर काहींनी निम्म्यावर आणले. क्रिस्टर ब्रून यांच्यासारख्या इतिहासकारांनी मात्र अशा गुणाकारांकडे साशंकतेने पाहिले आहे.

दुसरा मार्ग पाटापासून सुरू होतो. पाटाची रुंदी, उतार, भिंतींचा खडबडीतपणा आणि पाण्याची पातळी ठाऊक असेल, तर आधुनिक जलविज्ञानाच्या सूत्रांनी प्रवाह काढता येतो. यातील पाण्याची पातळी ही सर्वांत निसरडी बाब, आणि ती भिंतीवरील चुन्याच्या खुणेवरून ओळखता येते. डंकन कीनन-जोन्स आणि सहकाऱ्यांनी रोमच्या ‘आनिओ नोव्हुस’ या वाहिनीतील चुन्याच्या थरांवरून २०१५ मध्ये प्रवाहाचा अंदाज सेकंदाला १.४ घनमीटर, कमी-अधिक ०.४, असा दिला. तो फ्राँटिनसवरून निघणाऱ्या बहुतेक जुन्या अंदाजांहून कमी आहे. नीमसाठी दिवसाला २० ते ४० हजार घनमीटर असे आकडे दिले जातात. ही दुपटीची तफावत अभ्यासकांच्या हलगर्जीपणातून आलेली नाही. साचत गेलेल्या चुन्याने पाटाची रुंदीच काळानुसार बदलत होती, त्यामुळे एकच एक उत्तर मागणे हेच मुळात चुकीचे ठरते.

पाणी कोणासाठी

ए. ट्रेव्हर हॉज यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात मांडलेली भूमिका प्रभावी ठरली आहे. त्यांच्या मते जलवाहिनी ही तहान भागवण्याची निकड नव्हती, कारण बहुतेक शहरे विहिरी आणि पावसाच्या टाक्यांवर आधीच जगत होती. वाहिनी आली ती प्रामुख्याने सार्वजनिक स्नानगृहांसाठी. नीममध्ये शहराच्या मध्यावरच मोठा झरा असताना पन्नास किलोमीटरवरून पाणी आणले गेले, याकडे या पक्षाचे लोक बोट दाखवतात. स्नानगृहे, कारंजी आणि शेजारच्या शहरांपुढे मिरवण्याजोगी प्रतिष्ठा, अशी या मतातली कारणे आहेत.

दुसरी बाजू उत्पादनाकडे पाहते. फ्राँटिनसच्या आकड्यांत शहराबाहेर दिल्या जाणाऱ्या पाण्याचा वाटा लक्षणीय आहे आणि ॲण्ड्र्यू विल्सन यांनी त्यावरून शेती, बागायत आणि कारागिरी यांचे महत्त्व मांडले. आर्लजवळच्या बार्बेगाल येथे वाहिनीच्या पाण्यावर चालणाऱ्या, उतारावर दोन रांगांत बसवलेल्या सोळा पाणचक्क्या होत्या. फर्नाँ बन्वा यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांचे उत्खनन केले तेव्हा त्या रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातल्या मानल्या गेल्या. पुढच्या उत्खननांनी त्यांना दुसऱ्या शतकात नेले. ग्युल स्युर्मेलिहिंदी, सेस पास्खिर व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चक्क्यांच्या कुजून गेलेल्या लाकडावर जमलेल्या चुन्याचे तुकडे तपासले आणि त्या दरवर्षी काही काळ बंद राहत, असे दाखवले. हे पीठ जहाजांवरील टिकाऊ बिस्किटांसाठी असावे, ही त्यांची सूचना आकर्षक आहे, पण ती अद्याप सूचनाच आहे.

या दोन बाजूंमध्ये खरा विरोध किती, हे पाहण्यासारखे आहे. हॉज वाहिनी का बांधली याचे उत्तर देतात आणि विल्सन ती बांधल्यावर पाण्याचे काय झाले याचे. दोन्ही उत्तरे एकाच वाहिनीला लागू पडू शकतात.

शिशाचा प्रश्न येथे थोडक्यात आटोपता येतो. शिशाच्या नळांमुळे रोमन समाज विषबाधेने खचला, ही जेरोम न्रियागू यांच्या १९८३ च्या लेखनानंतर गाजलेली कल्पना आज तशी कोणी मांडत नाही. पाणी सतत वाहते होते आणि नळांना आतून चुन्याचे कवच चढत असे. रोमच्या बंदरातील गाळावर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने नळाच्या पाण्यात झऱ्याच्या पाण्याच्या शंभरपट शिसे असल्याचे दाखवले, पण तेवढ्याने गंभीर विषबाधा संभवत नाही असेही म्हटले.

चुन्याची पुटे : नवे दप्तर

चुनखडीच्या प्रदेशातील पाणी कठीण असते आणि ते वाहताना कॅल्शियम कार्बोनेटची पुटे सोडत जाते. गिझरच्या कांडीवर चढणारा पांढरा क्षार तो हाच. फ्राँटिनसनेही पाटाला लागणाऱ्या या कठीण कवचाची तक्रार केली आहे. नीमच्या पाटात, ज्याची रुंदी सव्वा मीटरच्या आसपास आहे, काही ठिकाणी दोन्ही भिंतींवर प्रत्येकी जवळपास अर्धा मीटर चुना साचला होता. कोलोनच्या वाहिनीतील चुना तर मध्ययुगात ‘आयफेल संगमरवर’ म्हणून कापून नेला गेला आणि चर्चचे खांब व फरश्या त्यातून घडल्या. उत्खनन करणाऱ्यांच्या आधी आठशे वर्षे त्या पाटाचे उत्खनन असे झालेले आहे.

या पुटांत उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे थर वेगळे दिसतात, म्हणून झाडाच्या खोडातील वर्तुळांप्रमाणे वर्षे मोजता येतात. ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, पाण्याचे तापमान आणि ऋतू यांचा माग लागतो. मातीचा किंवा मुळांचा अंश वाढला, तर छत फुटले होते असे समजते, आणि हत्यारांच्या खुणांवरून साफसफाई ओळखता येते. फ्रान्समधील काओर, म्हणजे प्राचीन दिव्होना, येथील वाहिनीत एक ते पाच वर्षांच्या अंतराने साफसफाई होत असे, हा २०२३ चा निष्कर्ष अशाच खुणांवर उभा आहे. दुरुस्ती उन्हाच्या कडाक्याचे दिवस टाळून आणि एका वेळी एकाच वाहिनीची करावी, असे फ्राँटिनसने सांगितले होते. लहान प्रांतिक शहरातही शिस्तीने काम चाले, हे प्रथमच दगडावरून सिद्ध झाले.

या दप्तराची एक मोठी अडचण आहे. पुटे वर्षांची संख्या सांगतात, सन सांगत नाहीत. युरेनियम-थोरियम पद्धतीला पाण्यातील मातीचे कण अडथळा आणतात, तर कार्बन-१४ पद्धतीला चुनखडीतून विरघळून आलेला प्राचीन कार्बन फसवतो. त्यामुळे एका वाहिनीतील चाळीस वर्षांचा सलग, सुस्पष्ट पट इतिहासाच्या कालरेषेवर नेमका कुठे ठेवायचा, हे अनेकदा ठरत नाही.

पाणी केव्हा थांबले

जुन्या मांडणीत वाहिन्यांचा शेवट साम्राज्याच्या शेवटाबरोबर होतो. इ.स. ५३७ मध्ये गॉथ राजा व्हिटिगिस याने रोमला वेढा घातला तेव्हा वाहिन्या तोडल्या, असे इतिहासकार प्रोकोपियस लिहितो, आणि त्या वर्षी रोमचे पाणी आटले असे मानले जाई. रॉबर्ट कोट्स-स्टीफन्स यांनी १९९८ मध्ये ग्रंथीय नोंदी आणि बांधकाम दोन्ही तपासून दुरुस्त्या पुढेही होत राहिल्याचे दाखवले. आठव्या शतकात पोप हाड्रियन पहिला याने काही वाहिन्या पुन्हा चालू केल्या. नीममध्ये चौथ्या शतकानंतरची पुटे अशुद्ध व सच्छिद्र होत जातात. तेथे वाहिनी एका घावात संपलेली नाही. देखभाल सुटत गेली आणि ती हळूहळू खचली.

इ.स. ३७३ मध्ये पूर्ण झालेल्या कॉन्स्टँटिनोपलच्या वाहिनीतून मात्र अगदी उलट प्रश्न निघाला. शेकडो किलोमीटरची ही व्यवस्था बाराव्या शतकापर्यंत चालू होती, तरी २०२१ च्या अभ्यासात तिच्या पाटात जेमतेम २७ वर्षांचा चुना आढळला. याचा अर्थ तो वारंवार खरवडून काढला गेला आणि उरला तो शेवटच्या साफसफाईनंतरचा. जिथे देखभाल उत्तम होती, तिथे दप्तर कोरे राहते, आणि जिथे ती ढिली पडली तिथेच ते लिहिले जाते, ही या पद्धतीत मुळातच असलेली विषमता आहे. वेगवेगळ्या वाहिन्यांची तुलना करणाऱ्या सध्याच्या अभ्यासांत तिचा पुरेसा विचार झालेला दिसत नाही.

हीच अडचण सर्वांत जुन्या पाटाच्या बाबतीत पुन्हा उभी राहिली आहे. रोमच्या भुयारी रेल्वेच्या ‘क’ मार्गिकेसाठी चेलियो टेकडीजवळ खोल विवर घेतले गेले, तेव्हा जमिनीखाली सतरा-अठरा मीटरवर मोठ्या घडीव दगडांचा, तीस मीटरहून लांब पाट सापडला आणि २०१७ मध्ये तो बहुधा आप्पियस क्लॉडियसच्या वाहिनीचा असल्याचे जाहीर झाले. त्याच्या भिंतींवर चुन्याचा मागमूस नव्हता. उत्खनन करणाऱ्यांनी याचे दोन अर्थ शक्य मानले : एकतर हा तुकडा फार थोडा काळ वापरात होता, किंवा तो कायमचा बंद करण्याच्या थोडेच आधी कोणीतरी आत उतरून तो स्वच्छ केला होता.